हारापुरती जागा

६ नोव्हेंबर
गौस पुन्हा ड्रोनच्या विषयावर आला. वीस-बावीस वर्षं एका दुकानात बसतो आम्ही. फोटो माझे, व्हिडिओ त्याचा. भांडण एकच, आणि तेही दर दिवाळीनंतरचं. "भाई, एकाच कामाला कितना चिपकून राहायचं? बारसं हाय, डोहाळजेवण हाय, लेकरांचे फोटो हाय. ड्रोन घेऊ, पाळण्याचा सेट लावू. सगळं करू."
म्हटलं, लग्नाला नांदेडची पार्टी क्रेन घेऊन येते, बारशाला मामाचा मोबाईल पुरतो. आपण कुठं बसणार?
"मग तूच सांग काय करायचं."
सांगितलं नाही. डोक्यात आहे, पण अजून जुळत नाही.

९ नोव्हेंबर
पुन्हा आधार कार्ड. कळमनुरीकडचा माणूस, आई वारली, घरात फोटो नाही. कार्डावरचा चेहरा नखाएवढा. तो मोठा करायचा, डोळे उघडायचे, मागं आभाळ टाकायचं. तेरवीच्या आत फ्रेम पाहिजे. वेळेचं मला काही वाटत नाही. बाळापूरहून जिल्हा पानाला बातम्या पाठवायचो तेव्हा पान लागायच्या आत मजकूर गेला नाही असं कधी झालं नाही. वाटतं ते वेगळंच. बाई सत्तर-पंच्याहत्तर वर्षं जगली आणि भिंतीवर राहणार ते सरकारी कॅमेऱ्यापुढं घाबरलेलं तोंड.
हाराचा फोटो जिवंतपणीच काढायचा. नीट, घरी जाऊन. आणि फक्त तेवढंच काम करायचं. हे कोणी करत नाही.

१२ नोव्हेंबर
गौसला सांगितलं. "फक्त बुढ्यांचे? भाई, हे धंदा हाय का दफनभूमी?" शेवटी ठरलं, उन्हाळ्यापर्यंत दोन्ही चालू ठेवायचं. तो लग्नं धरेल, मी म्हातारी माणसं. मग काय ते एक.
पेंटरकडून बोर्ड करून घेतला. 'ज्येष्ठांचे फोटो. घरी येऊन काढू.' माझी बायको सुनंदा अंगणवाडीतून येताना तो वाचून दुकानावरच्या घरात आली. "हाराचे असं सरळ लिवा की. कोणाला लाजता?" जिन्यात मधेच थांबली होती, धाप लागली म्हणे. नांदेडला दाखवायला पाहिजे. म्हणते, अंगणवाडीची तपासणी होऊन जाऊ द्या.

२० नोव्हेंबर
बाजार. मारोतीमामा बकऱ्या विकून थेट दुकानात आला. पटका, काठी, अंगाला मेंढरांचा वास. "खिल्लारे भाऊ, माझा काढ. पोरं मागून काढायची न्हाईत, मला त्यांचा भरवसा न्हाई."
हाराच्या फोटोची एक रीत आहे. हार पडला की गळ्याखालचं झाकतं, म्हणून चेहरा चौकटीत थोडा वर घ्यायचा, खाली जागा सोडायची. हसू नको, गंभीर तर अजिबात नको. मी म्हणतो, दाराकडं बघा, कोणीतरी येऊन राहिलंय असं. मग डोळ्यात माणूस येतो.
मामा म्हणाला, "कोण येऊन राहिलंय?"
"तुमीच ठरवा."
फार सुरेख आला. खूश होऊन म्हणाला, काचेत लाव, लोकाला कळू दे. नमुना म्हणून लावला. गौस चंदनाचा हार घेऊन आला, म्हणे हार नसला तर नमुना कसला. मामाला विचारलं. "घाल की! मेल्यावर घालाल तो मला कुठं दिसणार हाय?" हसून हसून खोकला लागला त्याला.

२८ नोव्हेंबर
हट्ट्याजवळच्या वाडीतली कोंडाबाई गेली. मागच्याच आठवड्यात काढला होता, अंगणात, सकाळच्या उन्हात. मुलगा स्वतः आला. "भाऊ, वेळेवर काढला बघा. न्हाईतर काय होतं आमच्याजवळ?" हात धरून रडला.
हेच तर पाहिजे होतं. या कामाला अर्थ आहे तो इथं.
मामा कालच्या बाजारीही काचेसमोर उभा. स्वतःला हात जोडतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, "लई चांगलं माणूस होतं ओ."

६ डिसेंबर
सकाळी अभिवादनाला गेलो. दुपारी फोन. बाळापुरातलेच निवृत्त गुरुजी गेले. त्यांचाही फोटो माझाच, पंधरवडाही झाला नाही.
वय ब्याऐंशी. वयाची माणसं. वयाचीच माणसं फोटो काढतात, म्हणून जातात. उलट नाही.

१० डिसेंबर
चहाच्या गाड्यावर पाठमोरा उभा होतो. बाकावर दोघं बोलत होते.
"ते खिल्लारे येऊन गेले काल आमच्या गल्लीत."
"कोणाचा काढला?"
"आज्याचा."
"मंग गोड जेवणाचं सांगून ठेव आचाऱ्याला."
हसले. मीही हसलो असतो. चहावाल्याने मला बघितलं आणि कप विसळायला लागला.
आमच्या घरात नजर, उतारा, नवस काही नाही. बाबा गेले तेव्हा भंतेजी आले, वंदना झाली, बस. असलं आपण मानत नाही. मानत नाही हे आज तीनदा स्वतःला सांगितलं, एकदा सांगून का पुरलं नाही कळत नाही.

१५ डिसेंबर
गौससोबत लग्न केलं. त्याचा दुसरा भिडू आजारी होता, म्हणून मी फोटो काढायला उभा राहिलो. वारंग्याजवळ, मोठा मांडव. बरं वाटलं. वाजंत्री, हळदीचे हात, पोरींचा गोंगाट. वाटलं, गौसचंच खरं असेल, सगळं करावं, माणसात राहावं.

१८ डिसेंबर
गौस लग्नाचे फोटो निवडत होता. एकदम थांबला. मग मागं गेला, पुढं गेला.
"भाई, हे काय करून राहिला तू?"
"काय?"
"बघ ना. सगळ्यांच्या गळ्याखाली जागा."
नवरी एकटी. नवरा एकटा. करवली. नवरीचा तीन वर्षांचा भाचा, हातात फुगा. सगळ्यांचे चेहरे चौकटीत वर, खाली हारापुरती जागा. एका फोटोत नवरी दाराकडं बघतेय. मीच सांगितलं असणार तिला. सवयीनं.
गौसने जमतील तेवढे खालून कापले. नवरीचा मोठा फोटो मात्र त्यांनी तिथंच पसंत करून फ्रेमला टाकला होता, तो गेलेला.

२३ डिसेंबर
फ्रेम परत आली. नवरीचा बाप आला होता, चांगला माणूस, आवाज चढवला नाही. "आमची म्हातारी म्हणते ही हाराची फ्रेम हाय. घरात ठिवू देईना. दुसरं काही न्हाई, भाऊ. ठिवा तुमच्याकडं."
मी म्हणालो दुसरा करून देतो. म्हणाला नको, राहू द्या, आमचं होऊन गेलं. पोरीला ठसका लागला तरी घरातलं सगळं धावून राहिलंय म्हणे.
ती फ्रेम आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून ठेवली. फेकून कशी द्यायची? कापून कशी टाकायची? जिवंत पोरगी आहे.

२९ डिसेंबर
हट्ट्याला गेलो होतो. आधी बोलणं झालेलं होतं, पारावर आठ-दहा म्हातारी माणसं जमणार होती. जमली होती. गाडीवरून उतरलो तसा एकेक जण उठला. कोणी शिवी दिली नाही, कोणी जा म्हटलं नाही. नुसती पाठ केली. दोन म्हाताऱ्यांनी पदर पार नाकाखाली ओढला आणि भिंतीकडं बघत उभ्या राहिल्या. मी बॅग उघडलीसुद्धा नव्हती.
ज्याने बोलावलं होतं तो सोडायला आला. "नाराज नका होऊ. लोक येडे हायत."
"तुमच्या वडिलांचा तरी काढू."
तो म्हणाला, "न्हाई, आज त्यांचं डोकं दुखून राहिलंय."

३ जानेवारी
सुनंदाकडून कळलं, म्हणजे तिने सांगितलं नाही, मी विचारलं म्हणून. अंगणवाडीत दोन आयांनी लेकरं पाठवणं बंद केलं. एकीने तोंडावर विचारलं, "ताई, तुमच्या मोबाईलमधी लेकरांचे फोटो असतेत ते भाऊला दाखवता का?" पोषण आहाराचे फोटो वर पाठवायचे असतात, ते.
"तू काय म्हणालीस?"
"म्हणले, दाखवते की. त्यांनी बी बघितले की खिचडी मागतेत."
हसली. मग बसून राहिली, हात छातीशी. तपासणी झाली अंगणवाडीची. आता काय अडलंय? म्हणते, संक्रांत होऊ दे.

८ जानेवारी
बाजार. मारोतीमामा आला. आता तोच आमचा साक्षीदार. गौसने त्याला मुद्दाम दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसवलं, चहा दिला. डोक्यामागं काचेत हार घातलेला मामा, पुढं बिडी ओढणारा मामा. लोक थांबून बघत होते.
"या, या," मामा ओरडत होता, "हात लावून बघा, गरम हाय मी!"
कोणी हात लावला नाही. एक बाई लेकराला ओढून रस्ता ओलांडून गेली. मामाने ते बघितलं. बिडी विझवली. उठताना मला म्हणाला, "खिल्लारे भाऊ, मी ठरीवलं न्हाई बघ अजून."
"काय?"
"दारातून कोण येऊन राहिलंय ते. तू फोटो काढताना म्हणलास ना. तवापासनं डोक्यात बसलंय."

१६ जानेवारी
हे लिहू की नको असं झालं होतं. लिहितो.
सकाळी मोटारसायकलवर एक जण आला, नरसीकडचा. आईचा फोटो काढायचाय, घरी या. किती दिवसांनी काम! बॅग घेऊन निघालो. वाटेत म्हणाला, "दोन वर्षं झाली खाटंवर. उठणं न्हाई, बसणं न्हाई. लई हाल होऊन राहिलेत तिचे. आमचे बी."
घर स्वच्छ. म्हातारीला न्हाऊ घातलेलं, नवं लुगडं, कपाळावर भलंमोठं कुंकू. सून पदराने डोळे पुसत होती. शेजारणी दारात. सगळ्यांची नजर म्हातारीवर नाही, माझ्या बॅगेवर. तेव्हा उजेड पडला, मला कशाला आणलंय.
कॅमेरा काढला होता. म्हातारीने तो बघितला. आवाज पार खोल, पण स्वच्छ.
"हेच व्हय ते?"
शेजारणी दारातून मागं सरकल्या.
"लेकरा, चैत्रापतुर थांब. नातीचं बाळंतपण हाय. तेवढं बघते, मंग ये."
झाकण लावलं. बाहेर आलो. मुलगा मागं आला, पैसे आधीच खिशात घालायला लागला, ठरल्यापेक्षा जास्त. "फोटो नका काढू, नुसतं बटन दाबा. तिला सुटका व्हईल."
"अहो, फोटोनं माणूस मरतंय का?"
त्याने माझ्याकडं बघितलं. रागाने नाही. एखाद्या डॉक्टरने आपल्यावर उपचार करायला नाही म्हणावं, तसं.
तीन किलोमीटर चालत फाट्यावर आलो.

१७ जानेवारी
गौसला सांगितलं. त्याने दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, जसं कोणी ऐकेल.
"भाई, तू म्हणायचा ना, एकच काम धर, त्यातच नाव व्हईल. झालं नाव."
मला लागेल असं त्याला बोलायचं नव्हतं. पण खरं तेच आहे. काल रात्री वसमतवरून फोन, तसाच. आज कळमनुरी. कोणीही फोटोचा आकार विचारत नाही, फ्रेम विचारत नाही. विचारतात, कधी येता.

२२ जानेवारी
बाजार. मामा आला नाही. त्याच्या बकऱ्या दुसराच पोऱ्या विकत होता. विचारलं तर म्हणाला, मला नुसत्या विकायला सांगितल्यात. मामाचा फोन बंद.
गौस म्हणाला, थंडी हाय, नसेल आला.

२५ जानेवारी
राहवेना. मामाच्या वस्तीवर गेलो. काटेरी कुंपणाच्या वाडग्यात मेंढरं, चुलीवर काही तरी रटरटतंय, सून एकटी. ताप भरला, दम लागला, नांदेडला दवाखान्यात नेलंय. कोणत्या, तिला सांगता येईना. नवरा तिकडंच. त्याच्या फोनला चार्जिंग नसतं.
आत ये म्हणाली नाही. मी दारातून उतरलो तेव्हा मागून म्हणाली, "भाऊ, एक करता का? ते काचेतला हार तेवढा काढा. बाकी मी काही म्हणत न्हाई तुमाला."
परत येऊन काच उघडली आणि हार काढला. तिला बरं वाटावं म्हणून. मी मानतो म्हणून नाही. असं लिहून ठेवतो.
हार काढल्यावर मामाच्या गळ्याखाली ती जागा उघडी पडली. इतके दिवस हारामुळं दिसत नव्हती. फोटोही काढून आत ठेवला. नवरीच्या फ्रेमशेजारी.

३० जानेवारी
गौसने सरळ विषय काढला. तो कधी आवाज चढवत नाही, आज चढवला.
"बोर्ड उतरव. बुढ्यांचं बंद. पाळण्याचा सेट मी आणतो, तू फक्त दुकानात बस. कॅमेऱ्याला हात नको लावू थोडे दिवस."
"किती दिवस?"
"लोक भूलने तक."
"बोर्ड उतरवला तर लोक म्हणतील खरं होतं."
"आन् ठेवला तर?"
तर नरसीकडचे, वसमतचे, कळमनुरीचे येत राहतील. त्यांना घेतलं तर दुकान उत्तम चालेल, हेही आम्हा दोघांना माहीत आहे.
"लेकरं कोण आणणार आपल्याकडं, गौस?"
तो वायरी गुंडाळायला लागला. त्याच्या स्वतःच्या नातवाचा वाढदिवस परवा झाला. फोटो त्याच्या जावयाने मोबाईलवर काढले. मला बोलावणं होतं. कॅमेरा आणू नको असं कोणी म्हणालं नव्हतं. मीच नेला नाही.
संध्याकाळी पेंटरला सांगितलं, बोर्ड पांढरा करून ठेव. म्हणाला, वर काय लिहू? म्हटलं, सांगतो.

१ फेब्रुवारी
अंगणवाडीत आता सहाच लेकरं. सुनंदा जिन्यात आज दोनदा बसली. परवा नांदेड. यावेळी तिनेच तारीख घेतली, मला विचारलं नाही. गौस गाडी काढतो म्हणाला.
मामाचा फोन बंदच.

२ फेब्रुवारी
दुपारी सुनंदा अंगणवाडी आटोपून दुकानात आली. जयंतीला नेसते ती पांढरी साडी. केस नीट बांधलेले. स्टुडिओतल्या खुर्चीवर जाऊन बसली.
"काढा."
"काय?"
"फोटो. ज्येष्ठांचा. छप्पन पुरे झाले, मी काय लहान हाय?"
"नांदेडवरून आल्यावर काढू."
"काहून?"
मी कॅमेऱ्याची पट्टी सोडवत राहिलो.
"तुमी बी?" ती म्हणाली. तिने कधी असा आवाज काढला नव्हता. "डॉक्टर काय सांगायचं ते सांगन. पर मी फोटो काढून जाणार आन् येऊन अंगणवाडीत उभी राहणार. मंग बघते कोण लेकरू ओढून नेतंय ते."
गौस दारात येऊन थांबला होता. "भाभी, आज कशाला..."
"गौसभाऊ, तुमी दिवा धरा. सावली पडून राहिली."
त्याने धरला. भिंतीवर तिची सावली हलत होती.
कॅमेऱ्यातून बघितलं. चेहरा वर. गळ्याखाली पांढरी साडी आणि रिकामी जागा. स्टँड वर केला. जागा कमी झाली. बटणाशी बोट नेलं तोवर डाव्या हाताने स्टँड पुन्हा खाली घेतला होता. पुन्हा नीट केला. पुन्हा तेच. हात माझाच, मी बघतोय आणि तो करतोय. इतकी वर्षं लागली होती त्याला इतर फोटो शिकायला, हे एका हिवाळ्यात शिकला.
"दाराकडं बघू ना?" ती म्हणाली. "कोण येऊन राहिलंय म्हणून?"
"नको. माझ्याकडं बघ."
"बराबर घ्या बरं. पदर आला पाहिजे."
कॅमेऱ्यावरून डोळा काढला. स्टँडचा स्क्रू सैल करून कॅमेरा दोन्ही हातात धरला, तिच्याकडं बघत राहिलो आणि बटण दाबलं. एकदाच.
ती उठली, पदर झटकला. "चांगला आला तर मोठा करा. समोरच्या खोलीत लावू. हार नको, नुसता लावू." जिना चढताना मधे थांबली का, हे मी कान देऊन ऐकत होतो. थांबली.
गौसने दिवा बंद केला. "बराबर आला का?"
म्हटलं, माहीत नाही.
पेंटरचा फोन येऊन गेला. बोर्ड वाळलाय, अक्षरं कोणती टाकू? नांदेडवरून आल्यावर, म्हटलं. गाडी सकाळी निघेल. मामा तिथं कुठल्या दवाखान्यात आहे ते शोधायचं, गौसने मामाच्या सुनेकडून मुलाचा दुसरा नंबर घेतलाय.
कार्ड कॅमेऱ्यातच आहे. उघडलं नाही. चेहरा चौकटीत कुठं आलाय, मला माहीत नाही.